चांदी काढू की राहू देऊ? दाताच्या रंगाचं सिमेंट आणि लग्नाची घाई

वाचक ताईंचं पत्र:

"नमस्कार मॅडम, मी नाशिकला इंदिरानगरला राहते, वय ३४, अकाउंट्सचं काम करते म्हणजे दिवसभर खुर्चीत आणि चहा चार-पाच वेळा. कॉलेजात असताना खालच्या दोन दाढांमधे चांदी भरली होती, आजपर्यंत त्रास नाही. समोरच्या एका दाताचा कोपरा लहानपणी पडून तुटला होता, तिथलं सिमेंट आता पिवळट दिसतं. परवा तपासायला गेले तर डॉक्टरांनी एक्सरे काढला आणि म्हणाले वरच्या दोन दाढांच्या मधोमध कीड आहे, ती भरू, आणि चांदीही काढून सगळंच दाताच्या कलरचं करून टाकू, एका दाताचे १५०० रुपये, रविवारी एकाच बैठकीत उरकून देतो. नणंदेचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय. सासूबाई म्हणतात माझी चांदी तीस वर्षं झाली तशीच आहे, हे पांढरं सिमेंट दोन वर्षांत पडतं. भाऊ म्हणतो चांदीत पारा असतो, विष आहे, आधी काढून टाक, आणि आमचा दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय म्हणून मला त्याचीच जास्त धास्ती. मिस्टर म्हणतात दुखत नाही तर हात कशाला लावायचा. मुलगी साडेसहा वर्षांची आहे, तिच्या सगळ्यात मागच्या दाढेवर काळा ठिपका आहे पण दुधाचीच दाढ आहे म्हणून सोडून दिलं. काय करू?"

ताई, आधी उत्तर सांगून टाकते. वरच्या दोन दाढांची कीड लग्नाच्या आधी भरून घ्या, समोरच्या दाताचं त्याच्यानंतर पण लग्नाच्या आधीच करा, आणि खालच्या चांदीला सध्या कोणालाही हात लावू देऊ नका. पाचही दात एका रविवारी करू नका. आता का ते सांगते, तुमच्या घरात मतं भरपूर आहेत त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा, पण बिनसाखरेचा, का ते पुढे येईलच.

सुरुवात तुमच्या मिस्टरांपासून करू कारण त्यांचं म्हणणं नव्वद टक्के घरांत ऐकू येतं, दुखत नाही तर हात कशाला लावायचा. अहो दाताच्या वरच्या कडक थराला, इनॅमलला, नसाच नसतात, त्यामुळे कीड तिथे असेपर्यंत काहीही कळत नाही. आतल्या थरात शिरली तरी कधी गोड लागतं कधी गार लागतं इतकंच, आणि ज्या दिवशी रात्री झोपेतून उठवणारा ठणका लागतो त्या दिवशी बहुतेक वेळा काम सिमेंटवर भागत नाही, रूट कॅनल आणि वर कॅप, म्हणजे खर्च कितीतरी पट आणि चकरा वेगळ्या. तुमची कीड दोन दाढांच्या मधोमध आहे म्हणजे ती आरशात दिसणार नाही, बॅटरी मारून मिस्टरांनी बघितली तरी दिसणार नाही, ती एक्सरेमधेच दोन दातांच्या चिकटलेल्या जागी काळ्या त्रिकोणासारखी दिसते. डॉक्टरांना म्हणा मला स्क्रीनवर दाखवा. चांगला डॉक्टर आनंदाने दाखवतो. काळा भाग नुसता इनॅमलमधेच असेल तर कधीकधी न कोरताही थांबता येतं, फ्लोराईड आणि फ्लॉस, म्हणजे दातांच्या मधून फिरवायचा दोरा, वापरून लक्ष ठेवतात, पण इनॅमल ओलांडून आत गेला असेल तर भरायलाच हवं, आणि त्यांनी भरू म्हटलंय म्हणजे बहुतेक आत गेलाय. तरी विचारा.

आता भाऊ. त्याचं अर्धं बरोबर आहे. ज्याला आपण चांदी म्हणतो त्याच्यात वजनाने साधारण अर्धा पारा असतो, उरलेल्या अर्ध्यात चांदी, कथील, तांबं. एकमेकांत मुरून घट्ट झाल्यावर तो पारा बाटलीतल्या पाऱ्यासारखा मोकळा राहत नाही, चावताना आणि दात घासताना अगदी थोडी वाफ सुटते, इतकंच. मोठ्या माणसांत त्यामुळे आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण सावधगिरी म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय साहित्यावर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, सप्टेंबर २०२० मधे सांगितलं की गरोदर बायका, गरोदर राहायचा विचार करणाऱ्या, अंगावर पाजणाऱ्या, लहान मुलं आणि त्यातही सहा वर्षांखालची, किडनीचे किंवा मेंदू-नसांचे आजार असलेले, यांना नवीन चांदी शक्यतो भरू नका. तुम्ही या यादीत बसता. म्हणून नवीन भरायचं ते दाताच्या रंगाचं, कंपोझिट, यात वादच नाही.

पण त्याच एफडीएने त्याच वेळी दुसरं वाक्य सांगितलंय आणि व्हॉट्सअॅपवर फिरताना नेमकं तेच गळून पडतं. जुनी चांदी धड असेल, कडेने फुटलेली नसेल, खाली कीड नसेल, तर ती नुसत्या भीतीने काढू नका, कारण कोरून काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते आणि वर चांगला दातही थोडा कोरला जातो. म्हणजे बाळाचा विचार चालू असताना पाऱ्याच्या भीतीने चांदी कोरून काढणं हे नेमकं उलटं काम झालं. भावाला हे वाचायला द्या, भांडू नका, त्याला काळजी आहे म्हणूनच बोलतोय.

चांदीचा वापर जगभर कमी होतोय हे मात्र खरं. पाऱ्याबद्दलचा मिनामाता करार, जपानमधल्या त्या शहराच्या नावाचा, २०१३ मधे झाला, २०१७ पासून लागू आहे, भारतही त्यात आहे. युरोपियन युनियनमधे १ जानेवारी २०२५ पासून अगदी वैद्यकीय गरज असल्याशिवाय चांदी भरायला बंदी आहे. पण यामागचं मोठं कारण तुमची दाढ नाही हो, दवाखान्यातून नाल्यात आणि तिथून नदीत जाणारा, आणि स्मशानात चांदी भरलेल्या दातांतून हवेत जाणारा पारा हे आहे. गोदावरीकाठच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

मग चांदी कधी काढायची? तिच्या कडेला डॉक्टरांची तपासायची सुई अडकत असेल, एक्सरेमधे खाली काळं दिसत असेल, दाढेला चीर गेली असेल, किंवा चावून सोडताना कळ येत असेल तर. दाढ नुसती बाहेरून करडी-निळसर दिसते याला कीड समजू नका, चांदीची सावली दातातून दिसते. तुमच्या दोन दाढांचं यातलं काही आहे का एवढंच विचारा. "दिसायला छान होईल" हे कारण असेल तर ते तुमचं कारण असू दे, डॉक्टरांचं नको, आणि खालच्या मागच्या दाढा तुम्ही खो-खो हसलात तरच दिसणार. पुढेमागे खरंच काढायची वेळ आली तर तोंडात रबराचा पडदा लावून, भरपूर पाणी आणि जोरदार सक्शन ठेवून, चांदीचे तुकडे करून काढणारा डॉक्टर बघा, आणि गरोदरपणात काही तातडीचं नसेल तर ते काम बाळंतपणानंतरवर ढकला.

आता सासूबाई, आणि इथे मला जास्त वेळ थांबायचंय. त्यांची चांदी तीस वर्षं टिकली हे खरंच असणार, मी अशा कितीतरी दाढा बघते, काळ्याकुट्ट पण जागेवर ठाम. चांदी सोशिक आहे. थोडी लाळ लागली, डॉक्टर घाईत होते, पेशंट अर्धवट तोंड उघडत होता, तरी ती बसते, कारण ती दाताला चिकटतच नाही, आतून रुंद केलेल्या खड्ड्यात अडकून बसते. कंपोझिटचं तसं नाही, ते चिकटतं, आणि चिकटवायच्या वेळी दात कोरडा हवा म्हणजे कोरडाच हवा. ओल्या भिंतीवर रंग मारला की पुढच्या पावसाळ्यात पोपडे निघतात तसं आहे हे. सासूबाईंनी दोन वर्षांत पडलेलं जे पांढरं सिमेंट बघितलंय ते खोटं नाही, पण ते बहुतेक वेळा मटेरियलमुळे पडलेलं नसतं, लाळेमुळे आणि घाईमुळे पडलेलं असतं. नीट केलेलं, मध्यम आकाराचं कंपोझिट सात-दहा वर्षं आरामात जातं आणि पुष्कळांचं त्याहून जास्त.

खुर्चीत नक्की काय होतं ते सांगते म्हणजे तुम्हाला बसल्या बसल्या कळेल काम नीट चाललंय की नाही. भुलीचं इंजेक्शन झालं, कीड कोरून झाली, की एका सिरिंजमधून निळ्या रंगाची जेल लावतात, फॉस्फोरिक अॅसिड असतं ते, बहुतेक ३७ टक्के, घाबरू नका, १५-२० सेकंदांत धुऊन टाकतात. धुऊन वाळवल्यावर इनॅमलची कड खडूसारखी पांढरी, निस्तेज दिसते, म्हणजे तिच्यावर डोळ्याला न दिसणारे खाचखळगे तयार झाले. ही आयडिया ब्युनोकोर नावाच्या अमेरिकन डेंटिस्टने १९५५ मधे मांडली, आणि गंमत म्हणजे ती त्याला सुचली धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यात हेच अॅसिड वापरतात त्याच्यावरून. मग छोट्या ब्रशने बाँडिंगचं, म्हणजे सिमेंट दाताला चिकटवणारं, पातळ द्रव चोळतात, नुसतं टेकवत नाहीत, चोळतात, हवा मारतात, निळा लाइट देतात. हे जेलपासून लाइटपर्यंतचं जे एक-दीड मिनिट आहे ना, यात लाळेचा एक थेंब जरी तिथे गेला तरी पुन्हा धुऊन पहिल्यापासून करावं लागतं. न करता पुढे गेलं तरी त्या दिवशी काही कळत नाही, दोन वर्षांनी कळतं.

आणि तुमची जागा कोणती, तर वरच्या मागच्या दाढा. जिभेचं टोक वरच्या दाढांसमोर गालाच्या आत फिरवून बघा, दुसऱ्या मोठ्या दाढेच्या समोर एक बारीकसा उंचवटा लागेल. कानाजवळच्या लाळेच्या मोठ्या ग्रंथीचं तोंड तिथे उघडतं. म्हणजे नळाच्या खालीच काम चालू. म्हणून फोन करून विचारा, तुम्ही रबर डॅम लावता का, म्हणजे रबराचा तो निळा किंवा हिरवा पडदा, ज्याच्यातून फक्त काम करायचे दात वर डोकावतात. पहिल्यांदा लावला की जरा गुदमरल्यासारखं वाटतं, नाकाने श्वास घेत राहिलं की दोन मिनिटांत सवय होते, आणि पाणी-चुरा घशात जात नाही हा फायदा वेगळाच. सर्दी असेल, नाक बंद असेल तर मात्र बैठक पुढे ढकला. डॅम लावत नसतील तर लगेच डॉक्टर वाईट असं नाही, कापसाच्या वळ्या आणि सक्शन धरायला सोबत असिस्टंट असेल तर वरच्या दाढांना तेही चालतं, पण एकटे डॉक्टर, एका हातात आरसा, एका हातात सगळं बाकीचं, आणि बाहेर रविवारची दहा माणसं, असं असेल तर मी तरी माझ्या बहिणीला तिथे बसवणार नाही.

पुढचा भाग. दोन दाढांच्या मधली जागा म्हणजे तिथे भिंतच नाही, ती नव्याने बांधायची. त्यासाठी स्टीलची पातळ पट्टी, तिच्या खाली लाकडाची किंवा प्लॅस्टिकची बारीक पाचर, आणि वरून दात किंचित फाकवणारी रिंग लावतात. दाबल्यासारखं वाटतं, हिरडीला बोचतं, ते बरोबर आहे. मग सिमेंट थराथराने, साधारण दोन दोन मिलिमीटर, प्रत्येक थराला लाइट, बहुतेक २० सेकंद, तुम्हाला तो बीप ऐकू येईल. थराथराने का, तर निळा लाइट खोल पोहोचत नाही आणि घट्ट होताना हे मटेरियल दोन-तीन टक्के आकसतं, एकदम सगळं कोंबून लाइट मारला तर कडेला फट राहते किंवा दाताला ताण बसतो. आता बल्क फिल म्हणून प्रकार आलाय तो चार मिलिमीटरपर्यंत एकदम चालतो, त्यामुळे डॉक्टर थर कमी देतायत म्हणून लगेच शंका घेऊ नका. त्या लाइटकडे मात्र बघू नका, नारिंगी चष्मा देतील तो लावा, नाही दिला तर डोळे मिटा.

शेवटी निळा कागद दाताखाली ठेवून "चावा, सरकवा" सांगतात आणि उंच लागतंय ते घासतात. भूल असताना तुम्हाला धड कळत नाही उंच आहे की नाही. घरी गेल्यावर, भूल उतरल्यावर, ती एकच दाढ आधी टेकते असं वाटलं तर दुसऱ्याच दिवशी फोन करा, "सवय होईल" म्हणून आठवडा काढू नका, पाच मिनिटांचं काम असतं आणि न केल्यामुळे चांगला दात ठणकायला लागतो. अजून एक, खुर्चीतून उठायच्या आधी फ्लॉस घालून दाखवा म्हणा. दोन दाढांमधून फ्लॉस टक् करून जायला हवा. सरळ सुळकन गेला म्हणजे फट राहिली, मग रोज पोह्यातली मोहरी, मटणाचा धागा तिथेच अडकणार आणि तुम्ही सेफ्टी पिनने कोरत बसणार. आणि फ्लॉस फाटून आला तर कडेला खरबरीत सिमेंट राहिलंय. दोन्ही गोष्टी त्याच दिवशी सांगायच्या.

हे सगळं बघितलंत तर कळेल की पाच दात एका रविवारी का नको म्हणते. वरच्या लागून असलेल्या दोन दाढा एकत्र करणं मात्र एकदम बरोबर, कारण दोघींची समोरासमोरची भिंत एकाच वेळी दिसते, त्याला पाऊण तास ते तास जातो. त्याच बैठकीत खालच्या दोन दाढा घेतल्या तर तोंड थकतं, जबडा दुखतो, दोन्हीकडे बधिर असल्यावर चावा कसा बसतो हे कोणाला समजणार. रविवारऐवजी मधल्या वारी, दुपारची कमी गर्दीची वेळ मागून घ्या. कमी पैसे करा म्हणू नका, जास्त वेळ द्या म्हणा. खरंच, घासाघीस करायची तर वेळेसाठी करा.

पैशांचं म्हणाल तर १५०० मला अवास्तव वाटत नाहीत, फक्त एक्सरे, भूल, नंतरचं पॉलिश यात धरलंय का ते आधी विचारून घ्या, आणि चांदी राहू दिली की तुमचे ३००० तसेही वाचले. तेवढेही जड जात असतील तर पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिरचं कर्मवीर भाऊसाहेब हिरे डेंटल कॉलेज आहे. तिथे वेळ भरपूर लागतो, विद्यार्थी एकेक पायरी करतो आणि सर येऊन बघतात, कधीकधी परत करायला लावतात. लोक याला वैतागतात, पण कंपोझिटच्या बाबतीत तो वैतागच तुमच्या फायद्याचा आहे. केसपेपर काढायला सकाळी लवकर जा आणि अर्ध्या दिवसाची रजा टाका.

आता समोरचा दात, कारण लग्नाच्या फोटोत तोच येणार. याचा क्रम महत्त्वाचा आहे. तुमची दातांची सफाई झालेली नसेल तर ती आधी, या आठवड्यात. हिरडी सुजलेली असली की रक्त येतं, आणि रक्त आलं की लाळेपेक्षाही वाईट. सफाईनंतर आठवडाभर हिरडी बसू द्या. सफाई-पॉलिश झाल्यावर आधी बघा तो कोपरा अजून पिवळा दिसतो का, कारण पुष्कळदा पिवळेपणा नुसता वरचा चहाचा असतो आणि बारीक डिस्कने पॉलिश केलं की निघून जातो, नवीन भरायची गरजच पडत नाही. तरी पिवळाच दिसला तर वरचा थर काढून नवीन लावतात, सगळं मुळापासून कोरायचं नाही.

शेड, म्हणजे सिमेंटच्या रंगाची छटा, ठरवताना दात ओला असताना, काम सुरू व्हायच्या आधी, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात ठरवायला सांगा. अर्धा तास तोंड उघडं ठेवलं की दात वाळून पांढरा दिसायला लागतो, मग त्याला मॅच केलेलं सिमेंट दुसऱ्या दिवशी चुन्यासारखं दिसतं. आपल्याकडे ए२, ए३ या शेड जास्त लागतात, आणि पेशंट हट्टाने त्याहून पांढरी मागतात, तुम्ही मागू नका, एकच दात बल्बसारखा चमकतो. तसंच लग्नासाठी दात पांढरे करायचं, ब्लीचिंगचं, कोणी सुचवलं तर या तीन आठवड्यांत नको. ब्लीचने दात उजळतो पण सिमेंटचा रंग तसाच राहतो, आणि ब्लीचनंतर साधारण दोन आठवडे तरी थांबावं लागतं, नाहीतर नवीन सिमेंट नीट चिकटत नाही. तुमच्याकडे तेवढा वेळ नाही, आणि बाळाचा विचार असताना तर ते नकोच. जाता जाता, संगीतच्या रात्री डीजेच्या त्या जांभळ्या लाइटखाली काही जुनी सिमेंटं काळी दिसतात, हल्लीची बहुतेक दिसत नाहीत, पण नवरीच्या करवलीला हे माहीत असलेलं बरं.

दुखेल का, तर भुलीच्या सुईपुरतं. भूल दोन-तीन तास राहते, सिमेंट मात्र तिथेच घट्ट झालेलं असतं, त्यामुळे चांदीसारखं चोवीस तास त्या बाजूने चावू नका असं काही नसतं. फक्त बधिरपणा असेपर्यंत खाऊ नका कारण गाल चावला जातो आणि कळतही नाही, गरम चहाही नको. नंतर काही दिवस गार पाण्याने सणक येऊ शकते, आणि आपल्याकडे थंडीत सकाळी नळाचं पाणी कसं असतं ते सांगायला नको, कोमट पाण्याने चूळ भरा. ती सणक क्षणभर येऊन जात असेल आणि दिवसेंदिवस कमी होत असेल तर ठीक, दोन आठवडे वाट बघा. पण कळ येऊन बराच वेळ रेंगाळते, काही न खाता आपोआप ठणकतं, रात्री झोप मोडते, असं झालं तर लगेच दाखवा, नस दुखावलेली असू शकते. कीड खोल असेल तर ही शक्यता डॉक्टर आधीच सांगतील, आणि सांगितली म्हणजे ते पैसे उकळायला बसलेत असं समजू नका.

सासूबाईंनी प्रेमाने लवंगेचं तेल पुढे केलं तर बैठकीच्या आधी नको. त्यातलं युजेनॉल कंपोझिटला नीट घट्ट होऊ देत नाही. लावलं असेल तर डॉक्टरांना सांगा. रंगाचं म्हणाल तर पहिले दोन दिवस समोरच्या दाताला जपा, हळदीचं, कडक चहा, आणि मिसळीची तर्री जरा लांब ठेवा, रविवारची मिसळ एक रविवार चुकली तर चालते. पुढे सगळं खा. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश मात्र स्वतःच्या मनाने महिनोनमहिने वापरू नका, त्याने चहापेक्षा वाईट डाग पडतात.

चहाचं वचन पूर्ण करते. गोड चहा तोंडात गेला की जंतू आम्ल तयार करतात, आम्लपणा मोजायचा आकडा, पीएच, ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं, आणि लाळेला ते सावरायला अर्धा तास तरी जातो. तुम्ही पाच वेळा, प्रत्येक वेळी कप पुढ्यात ठेवून घोट घोट, म्हणजे एन्ट्र्या करता करता दात दिवसभर आम्लातच. हे बदललं नाही तर नव्या सिमेंटच्या कडेलाच पुन्हा कीड धरणार आणि मग सासूबाई म्हणणार, बघ मी सांगत होते. चहा सोडा म्हणत नाही, नाशिकमधे राहून तसं सांगायची माझी हिंमत नाही, दोन गोड प्या बाकीचे बिनसाखरेचे, आणि प्यायचा तर दहा मिनिटांत संपवा. रात्री हजार पीपीएमच्या आसपास फ्लोराईड असलेली साधी पेस्ट लावून घासा, थुंका, खळखळून चूळ भरू नका, आणि त्या दोन दाढांमधे रोज एकदा फ्लॉस.

आता तुमची मुलगी, आणि ताई, खरं सांगायचं तर पूर्ण पत्रात मला घाई याचीच वाटली. साडेसहा वर्षं आणि सगळ्यात मागची दाढ म्हणताय, तर ती दुधाची नसण्याचीच शक्यता जास्त आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवीन दाढ येते, कुठलाही दात न पडता गुपचूप येते, म्हणून आईबाबांना ती दुधाचीच वाटते, आणि ती कायमची असते, आयुष्यभर दुसरी येणार नाही. आज रात्री घासताना मोजा, मधल्या रेषेपासून मागे जाताना सहावा दात असेल तर तीच. काळा ठिपका म्हणजे कीडच असं नाही, खोल खाचेत नुसता डागही असतो, पण ते डॉक्टरांनी दाढ वाळवून बघितल्याशिवाय कळत नाही. नुसत्या खाचा खोल असतील तर सीलंट म्हणून पातळ थर भरतात, भुलीची सुई नाही, ड्रिल नाही, तेच निळं जेल आणि तोच निळा लाइट. छोटी कीड असेल तर छोटं कंपोझिट. दाढ अजून अर्धी हिरडीखाली असेल आणि कोरडी राहत नसेल तर ग्लास आयोनोमर नावाचं वेगळं सिमेंट लावतात, ते थोडा ओलावा चालवून घेतं आणि फ्लोराईडही सोडतं, नंतर दाढ पूर्ण वर आली की बदलता येतं. चांदी मात्र तिला नको.

तुमच्या बैठकीच्या दिवशी तिला सोबत नेऊ नका, तुमचं तोंड रबराने झाकलेलं बघून घाबरेल. तिची वेगळी वेळ घ्या, शक्यतो सकाळची, आणि लग्नाची वाट न बघता याच आठवड्यात.